आकाराम पोवारच्या तीन सह्या

गडमुडशिंगीच्या आकाराम पोवारला पंचगंगा विद्यापीठात तीन नावं होती. कचेरीच्या कागदावर तो 'रोजंदारी मदतनीस'. रसायनशास्त्राच्या पोरापोरींचा तो 'मामा'. आणि बाहेरगावचे पाहुणे आले की प्रयोगशाळेचे प्रमुख अंकले सर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "हे आमचे खरे शास्त्रज्ञ!" पाहुणे हसायचे, सर हसायचे, आकारामही हसायचा. संध्याकाळी घरी जाऊन बायकोला सांगायचा, "आज पुन्यांदा शास्त्रज्ञ झालो." चिमणाबाई तव्यावरची भाकरी उलटत विचारायची, "आन कायम कवा व्हनार?"

तेवढंच एक मागणं होतं त्याचं. कायमची ऑर्डर. रोजंदारीच्या माणसाला ताप आला तरी तो कामावर यावा लागतो, नाहीतर सेवेत खंड पडतो. खंड पडला की मागची सगळी वर्षं पुसली जातात आणि मोजणी परत पहिल्या दिवसापासून. आकारामनं हा खंड अकरा वर्षं पडू दिला नव्हता. बाप वारला तेव्हा तिसऱ्या दिवशी राख सावडून तसाच के.एम.टी.च्या बसनं विद्यापीठाच्या टेकडीवर आला होता, डोकं भादरलेलं, टोपी कानापर्यंत ओढून.

आता हा गडी तिथं पोचला कसा, तेही ऐकण्याजोगं आहे. ९२ साली विद्यापीठात एक अजस्र पेटारा आला. मुंबईच्या बंदरातून ट्रकनं, परदेशी शिक्क्यांचा. आत होता चुंबकाचा पिंप. तो उतरवायला साखर कारखान्याची क्रेन मागवली, क्रेन आली, पिंप उचलला, आणि मग सगळ्यांच्या ध्यानात आलं की दार वीतभर अरुंद आहे. चार डॉक्टरेट झालेली माणसं दाराला टेप लावून बघतायत, परत लावतायत, जणू दुसऱ्यांदा मोजल्यावर दार मोठं होणार आहे. बागेत आळी करणारा आकाराम कुदळ खांद्यावर घेऊन उभा होता. म्हणाला, "सायेब, दार कशाला बघताय? खिडकीखालची भिंत पाडू या की. अर्ध्या ईटंची हाय ती." भिंत पाडली, पिंप आत गेला, भिंत परत बांधली. अंकले सरांनी विचारलं, "नाव काय रे तुझं?" आणि दुसऱ्या दिवसापासून आकाराम बागेतून प्रयोगशाळेत आला.

या यंत्राला चुंबकीय अनुस्पंदनाचं यंत्र म्हणतात. एखाद्या पदार्थाचे रेणू कसे रचलेत, ते त्यावर कळतं. बारीक काचेच्या नळीत पदार्थ घालायचा, नळी पिंपात सोडायची, पडद्यावर सुळके उमटतात. ते सुळके वाचून पोरं डॉक्टर होतात. पण आकारामचा संबंध सुळक्यांशी नव्हता, पिंपाशी होता. पिंपाच्या पोटात तारेचं वेटोळं. ते इतकं गार ठेवायचं की एकदा सोडलेली वीज वर्षानुवर्षं त्यात फिरत राहते. भारनियमनात सगळी टेकडी अंधारात बसायची, पण वेटोळ्यातली वीज आपली फिरतेच आहे. गार ठेवायला आत पातळ हेलियम आणि त्याच्याभोवती पातळ नायट्रोजन. आकाराम गावात पारावर समजावून सांगायचा, "हेलियम म्हंजे थंडीनं काकडलेलं म्हातारं, आन नायट्रोजन म्हंजे त्याचं पांघरूण. पांघरूण दर सोमवारी घालायचं. न्हाय घातलं तर म्हातारं उडून जातंय, आन म्हातारं गेलं की चुंबक मेला." त्या यंत्राला तो 'बंब' म्हणायचा. न्हाणीतल्या बंबासारखं दिसतं म्हणून. पुढं पुढं सगळी प्रयोगशाळाच बंब म्हणायला लागली, सरसुद्धा.

बंबाच्या गोष्टी तर किती. भोवती जमिनीवर पिवळी रेघ मारलेली होती. लोखंड अंगावर घेऊन तिच्या आत जायचं नाही. पहिल्या खंडेनवमीला झाडूवाली धोंडुबाई पूजेचं ताट घेऊन सरळ रेघ ओलांडून आत गेली. ताट भेसळीच्या स्टीलचं. हळद, कुंकू, झेंडू सगळं जागच्या जागी हवेत राहिलं म्हणायचं, आणि ताट फाडकन बंबाला चिकटलं. धोंडुबाई ओरडली, "आई गं, पावला की ह्यो!" आणि तिथंच लोटांगण घातलं. ताट सोडवायला चौघं लागली. तेव्हापासून बंबाची पूजा पितळी ताम्हणात आणि नारळ बाहेर पायरीवर. एकदा तपासणीला आलेल्या एका बड्या साहेबांचं घड्याळ बंद पडलं. साहेब चिडले, तर आकाराम त्यांना म्हणाला, "सायेब, घड्याळाचं काय घेऊन बसलाय, हितं मी सा वर्सं रोजंदारीवर थांबलोय." हे ऐकून साहेब इतके हसले की अहवालात 'उत्कृष्ट' शेरा देऊन गेले. रोजंदारीबद्दल अहवालात काही लिहिलं नाही.

अंकले सर मुळात वाईट माणूस नव्हे. निपाणीकडच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याचं घर, पण पोरगा पुस्तकातला. आकारामला नायट्रोजन ओतायला त्यांनीच शिकवलं, हात धरून. दार उघडं ठेव, वाफ नाकाजवळ घेऊ नको, हातमोजा सैल घाल म्हणजे झटकन निघतो. आकारामच्या थोरल्या पोरीला विषमज्वर झाला तेव्हा सरांनी आपल्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांशी इंग्रजीत भांडले. हे आकाराम कधी विसरला नाही. आणि सरही विसरले नसावेत.

प्रयोगशाळेत एक रजिस्टर होतं, लाल पुठ्ठ्याचं. त्यात रोज हेलियमचा आकडा लिहायचा, मीटर बघून, आणि दर सोमवारी नायट्रोजन भरल्याची सही. आकडे कुणीही लिहायचं, पण सही फक्त आकारामची. ९७ साली दोन विद्यार्थ्यांत 'मी नाही, तू' अशी जुंपली होती, तेव्हा सरांनी नियमच केला: बंबाचा जबाबदार माणूस एक, सही एकाची. आकारामला तेव्हा फार मोठेपणा वाटला होता. सातवी पास माणसाच्या सहीवर परदेशी यंत्र चालतंय म्हटल्यावर वाटणारच की.

२००३ च्या दसऱ्यानंतरची गोष्ट. सरांनी त्याला खोलीत बोलावलं. बसायला सांगितलं. बसायला सांगितलं म्हणजे काम मोठं.

"आकाराम, यादी वर गेली. तुझं नाव पहिलं आहे. मार्चपर्यंत पद मंजूर होणार."

आकाराम खुर्चीतनं अर्धा उठला. म्हणाला, "सर, चिमणीला सांगू का?"

"सांग की. आता माझं एक काम आहे. गगनबावड्याला घर बांधतोय ते तुला ठाऊक आहे. गुरुवारी स्लॅब पडतोय. गवंडी, बिगारी सगळे दिवाळीला गावाकडं पळणार. स्लॅबवर एकवीस दिवस पाणी राहिलं पाहिजे. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

"आन बंब, सर?"

"मल्लेश आहे ना. सुट्टीत तो थांबणार आहे. तीन सोमवार तो भरेल."

मल्लेश हा सरांचा आवडता संशोधक विद्यार्थी. संकेश्वरच्या पलीकडचा, डोक्यानं तल्लख, बोलायला गोड.

"मग मी रजंचा अर्ज टाकतो," आकाराम म्हणाला.

सर एकदम पुढं झुकले. "वेडा आहेस का? यादी वर असताना रजा? रोजंदारीला रजा म्हणजे खंड. कोण कारकून बघत बसलेला असतो. तू असं कर, तीन सोमवारच्या सह्या आताच करून ठेव. वीस, सत्तावीस आणि तीन. सुट्टीत तसंही कोण रजिस्टर उघडतंय?"

आकारामनं रजिस्टर आणलं, पानावर तारखा शोधल्या आणि तीन सह्या केल्या. 'आ. वि. पोवार.' नायट्रोजन भरला, नायट्रोजन भरला, नायट्रोजन भरला. 

त्या सोमवारी, तेरा तारखेला, त्यानं स्वतः बंब काठोकाठ भरला. हेलियम अठ्ठेचाळीस टक्के होता. दिवाळीनंतर बंगळुराहून नवा येणार होता. मल्लेशला दोनदा सगळं सांगितलं. मल्लेश म्हणाला, "मामा, तुम्ही जावा हो निवांत. बंब म्हणजे माझा प्रबंध आहे. त्याला मी उपाशी ठेवीन होय?"

गगनबावड्याला आकारामची दिवाळी स्लॅबवर झाली. घाटमाथ्याचं गार वारं, ढग सरळ अंगातून जायचे, आणि हा गडी स्लॅबवर मातीचे बांध घालून पाण्याची तळी करून बसलेला. उजाडलं की पाणी, मावळताना पाणी. खाली गोणपाट टाकून झोपायचं. पाडव्याला चिमणाबाई एस.टी.नं डबा घेऊन आली. करंज्या, चकल्या, एक नवा सदरा. स्लॅबकडं बघत म्हणाली, "आवं, हितं कायम कोन व्हनार हाय? तुमी का ह्यो स्लॅब?"

"गप की गं. यादीत पयलं नाव हाय."

"व्हय, आन पयल्या नावाचा मानूस पाडव्याला दुसऱ्याच्या घरावर पानी मारतोय. बायकूनं एस.टी.तनं येऊन ओवाळायचं."

"मग ओवाळ की."

तिनं ओवाळलं. वाऱ्यानं निरांजन तीनदा विझलं, तिन्ही वेळा पेटवलं. शेजारच्या प्लॉटवरच्या एका निवृत्त मास्तरांनी ते बघितलं आणि 'जोडपं दिवाळीला हवा खायला आलंय जणू' म्हणून हात वर केला. चिमणाबाईनंही हात वर केला. रात्र राहून दुसऱ्या दिवशी गेली.

पण आकारामच्या मनात सोमवार राहायचाच. वीस तारखेला नाक्यावरच्या एस.टी.डी. बूथवरून प्रयोगशाळेत फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. सत्तावीसला परत लावला, परत तेच. मग सरांच्या घरी लावला.

"सर, बंब भरला का?"

"मल्लेश आहे रे तिथं. तू पाण्याकडं बघ. कडेला तडे तर नाहीत ना गेले?"

"न्हाय सर. गुळगुळीत हाय."

तीन तारखेला फोन लावला आणि उचलला. पण आवाज धोंडुबाईचा.

"कोन, आकाराम? अरं कुठं उलथलायस तू? तुझा बंब मेला की रं!"

"मेला म्हंजे?"

"काल सांच्याला मी वऱ्हांडा झाडाया गेलतो. आतनं कारखान्याच्या भोंग्यागत आवाज सुटला बघ. दाराखालनं पांढरा धूर. मला वाटलं आग, मी बालदीभर पानी वतलं दारातनं. मग बंबवालं आलं. खरं बंबवालं, लाल गाडीचं. त्येनी माझ्यावरच वराडलं. आता अंकले सर आल्यात, डोस्कं धरून बसल्यात. तू कुठं हायस ते कुनी मला इचारलं, मी म्हटलं मला काय ठावं."

आकाराम स्लॅबवर त्या दिवसाचं पाणीही न मारता पहिल्या एस.टी.त बसला. वाटभर त्याला एकसारखं वाटत होतं की आपण भरला असता तर. घरातलं कोणी गेल्यावर वाटतं तसंच.

बंब उभा होता, नेहमीसारखाच चकचकीत. पण आकारामनं खिशातली किल्ली काढून पिवळ्या रेघेच्या आत धरली. किल्ली लुळी लोंबत राहिली. अकरा वर्षांत पहिल्यांदा ओढ लागली नाही.

मग त्यानं रजिस्टर उघडलं. मल्लेश कोपऱ्यात उभा होता, गावाहून सकाळीच आलेला, चेहरा पडलेला. पानावर चौदा ऑक्टोबरपासून रोजचा आकडा होता. साडेसत्तेचाळीस, सत्तेचाळीस, साडेशेहेचाळीस… असा खाली उतरत उतरत थेट नऊ नोव्हेंबरपर्यंत. आज तारीख तीन. नऊ नोव्हेंबरला हेलियम साडेचौतीस टक्के असल्याचं लिहिलेलं होतं. पेनसुद्धा चार वेगवेगळी वापरलेली, निळं, काळं, परत निळं.

"मल्लेश, ह्ये काय?"

"मामा…" मल्लेशनं त्या पानावर बोट ठेवलं. "रोज अर्धा टक्काच उतरतो की हो. दहा वर्षांचा आलेख काढा, पट्टीनं मारल्यागत सरळ रेघ येते. म्हटलं सुट्टीचे आकडे काय, आत्ताच लिहून टाकू. आणि नायट्रोजन… घरी गेलो, सोमवारी येणारच होतो. बहिणीला बघायला पाहुणे आले. मग म्हटलं एक सोमवार चुकला तर काय होतंय, पुढच्या सोमवारी भरू. पुढच्या सोमवारी लक्ष्मीपूजनाचे पाहुणे राहिले…"

"म्हंजे तू मीटर बघितलाच न्हाईस?"

"रेघ सरळ होती, मामा."

आकारामला त्या पोराच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि मारली नाही. गावातला कुणी अडाणी असता तर पिंपाला हात लावून तरी बघितला असता गार आहे का. हा शिकलेला होता, त्याचा रेघेवर विश्वास होता.

संशोधक विद्यार्थिनी अनुजा तेवढ्यात आत आली. अबोल पोरगी, पण डोळ्यांनी सगळं टिपणारी. मल्लेश बाहेर गेल्यावर म्हणाली, "मामा, आकडे मल्लेशच्या हातचे आहेत. त्याचा चारचा आकडा मी कुठंही ओळखेन. मी समितीला लिहून देते."

"समिती बसनार हाय?"

"गुरुवारी. मामा, त्या पानावर आकड्यांना सही नाही. सही फक्त तुमची आहे."

आकारामनं तिच्याकडं बघितलं. "तुझ्या प्रबंधावर सरांची सही झाली?"

"नाही अजून."

"मग गप बस."

"पण मामा—"

"गप बस म्हनतोय न्हवं? चार वर्सं घातलीयास तू. मी बघतो."

बुधवारी सरांनी त्याला परत बसायला सांगितलं. आज त्यांचा आवाज मऊ होता.

"हे बघ आकाराम. झालं ते झालं. समिती म्हणजे औपचारिकता. तू फक्त म्हण की सुट्टीच्या गडबडीत चुकून राहिलं. ताकीद देतील आणि सोडतील. मी बसलोय ना तिथं. यादीतलं नाव मी हलू देणार नाही."

"सर, पर मी तर तुमच्याच—"

"तेच सांगतोय. गगनबावड्याचं नाव काढलंस तर काय होईल? ज्या दिवशी हजर नव्हतास त्या दिवशीची सही तुझी आहे. खोटी सही. ती चूक नव्हे रे, तो गुन्हा."

"सह्या तुमीच करायला सांगितल्या, सर."

सरांनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाले, "तुझ्या पोरीच्या वेळी मी काही विचारलं होतं का?"

संपलं. आकाराम उठून बाहेर आला. घरी येऊन त्यानं चिमणाबाईला सांगितलं. तिनं तवा चुलीवरनं उतरवला. मग म्हणाली, "पोरगी वाचली त्येचं उपकार हाईतच. पर त्ये गाडीनं नेल्याचं हाईत. मान कापून द्यायचं न्हाईत."

समिती तिघांची. मधले अध्यक्ष, दुसऱ्या विभागाचे, चष्मा नाकावर. डावीकडं अंकले सर, 'यंत्राचे तज्ज्ञ म्हणून निमंत्रित'. टेबलाच्या टोकाला कचेरीचे गणपतराव, नोंद लिहायला. गणपतरावांना आकाराम अकरा वर्षं ओळखत होता; दर उन्हाळ्यात गावचा कांदा नेऊन द्यायचा.

"हे रजिस्टर तुमच्या ताब्यात?" अध्यक्षांनी विचारलं.

"व्हय जी."

"तीन नोव्हेंबरला हेलियम साडेसदतीस टक्के. दोन तारखेला तर चुंबक मेला. मेलेल्याची नाडी लिहिलीत तुम्ही, पोवार."

"आकडं माझं न्हाईत, सायेब."

"मग कुणाचे?"

दाराच्या काचेतून बाहेर बाकावर बसलेली अनुजा दिसत होती. तिच्याशेजारी मल्लेश, दोन्ही हात गुडघ्यांत. आकारामनं तोंड मिटलं. मल्लेशचं नाव घेतलं तर हस्ताक्षर ओळखायला अनुजाला बोलावणार, आणि ती खरं बोलणार, हे त्याला ठाऊक होतं.

अंकले सर खाकरले. "मी सुट्टीआधी स्पष्ट सूचना दिल्या होत्या. अकरा वर्षांचा माणूस, मी विश्वास ठेवला. माझीही चूकच म्हणा."

हे 'माझीही चूकच म्हणा' ज्या सहज आवाजात आलं, त्यानं आकारामच्या आत काहीतरी तुटलं. ताकीद बिकीद काही नाही, हे त्याला त्या क्षणी कळलं. तो उभा राहिला.

"सायेब, मी हितं न्हवतोच. मी गगनबावड्याला सरांच्या स्लॅबवर पानी मारत हुतो. अठरा दिस. सह्या सरांनी आधीच करून घेतल्या."

 अध्यक्षांनी चष्मा काढला, सरांकडं बघितलं.

सरांनी जराही आवाज चढवला नाही. "आता हे बोलायला नको होतं, पण निघालंच आहे तर सांगतो. यानं माझ्याकडं गगनबावड्याच्या घराची किल्ली मागितली. बायकोला घेऊन दिवाळीला चार दिवस हवापालट. मी माणुसकीनं दिली. रजा टाकली असेल असं मी समजून चाललो. शेजारचे एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांनी दोघांना तिथं बघितलंय, ओवाळणी चालली होती. हवं तर फोन लावा."

"बायकू पाडव्याला एक रात आलती—" आकाराम म्हणाला.

"म्हणजे आलती," अध्यक्ष म्हणाले.

"व्हय, पर—"

"आणि वीस तारखेला तुम्ही इथं हजर नव्हता?"

"न्हवतो."

"आणि सही तुमची?"

"माझीच."

"लिहा, गणपतराव," अध्यक्ष म्हणाले. गणपतरावांनी मान वर न करता लिहिलं. एकेक शब्द खरा होता. खोटं म्हणून त्यात काहीच नव्हतं.

आकाराम बाहेर आला तेव्हा मल्लेश उठून उभा राहिला. "मामा, माझं नाव…?"

"न्हाय घेतलं," आकाराम म्हणाला आणि जिन्याकडं वळला. अनुजा मागून आली, रडत होती. त्यानं तिला इतकंच सांगितलं, "सही झाली की मगच रड."

पंधरवड्यानं पत्र आलं. निष्काळजीपणा आणि खोटी नोंद, दोन्ही. सेवा समाप्त. अकरा वर्षं 'सलग सेवा म्हणून ग्राह्य धरता येणार नाहीत'. हे वाक्य चिमणाबाईनं पोरीकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे अकरा वर्सं हे कुठं जात हुते सकाळी उठून?" मल्लेशला डॉक्टरेट मिळाली, पुण्याच्या औषध कंपनीत लागला. अनुजालाही मिळाली. ती पेढे घेऊन गडमुडशिंगीला आली होती. आकारामनं पेढा खाल्ला, चांगला म्हणाला. तो तेव्हा दूध संस्थेत कॅन धुवायला लागला होता.

पद मात्र मंजूर झालं. सरांनी खोटं सांगितलं नव्हतं, मार्चमध्येच झालं. अकरा वर्षं बंब सांभाळला म्हणून तयार झालेलं पद, त्या बंबाच्याच नावाचं.

२००५ साली कंपनीचा इंजिनियर आला, वेटोळं तपासलं, नवा हेलियम भरला, वीज सोडली. बंब परत जिवंत झाला. इंजिनियर म्हणाला, जुना माणूस कुठाय, या यंत्राच्या खोडी त्यालाच ठाऊक. तेव्हा सरांनी निरोप धाडला: आठवडाभर यावं, नव्या माणसाला शिकवावं, रोजच्या दरानं पैसे मिळतील.

चिमणाबाई म्हणाली, "गेलासा तर घरात यायचं न्हाय."

आकाराम गेला. का गेला, ते तिला कधी पटलं नाही. त्याचं म्हणणं एवढंच होतं की नायट्रोजन बंद खोलीत ओतला तर माणूस न ओरडता मरतो, आणि नवा माणूस असतो कुणाच्या तरी घरचा.

नवा माणूस जोतीराम, तिशीचा, हातकणंगल्याचा, कायमच्या ऑर्डरवर रुजू झालेला. शिकायला मन लावून. आकारामनं त्याला सगळं दिलं. दार उघडं ठेव. हातमोजा सैल घाल. बंबाच्या गळ्यापाशी बर्फ धरला तर समज की कुठंतरी गळतंय. मीटर रोज बघायचा, रेघेवर जायचं नाही. जोतीरामनं विचारलं, "मामा, तुमी येवढं जानता, मग सोडलंसा कशापायी?" आकाराम म्हणाला, "नळी सरळ धर, सांडतंय."

सातव्या दिवशी सर आले. केस पिकले होते, पण थाप मारायची सवय तीच. "आकाराम, तुझ्यासारखा माणूस परत मिळाला नाही बघ. बरं, आता मोकळाच आहेस तर एक सांगतो. गगनबावड्याच्या घराला राखण पाहिजे. वरची खोली देतो राहायला. बायकोलाही आण."

जोतीराम ऐकत होता. आकारामनं हातमोजे काढले, घडी घालून टेबलावर ठेवले.

"सर, रोजंदारीवर हुतो तवा खंड पडंल म्हनून तुमी म्हनशीला तिकडं जात हुतो. आता खंड पडून गेलाय. मला कशाचं भ्या घालून न्हेनार?"

"अरे, भ्या कसलं? मी तुझ्या भल्याचं सांगतोय."

"व्हय. ते बी तुमी आधी सांगितलंसा."

सर हसले, पण पाठीवरचा हात काढून घेतला. जोतीरामकडं वळून हेलियमचा आकडा विचारला. जोतीराम मीटर बघायला गेला.

आकाराम टेकडी उतरून स्टॉपवर आला. बस लगेच मिळाली. कंडक्टर नवा होता, ओळखत नव्हता.

"कुठं, पावणं?"

"गडमुडशिंगी."

"पास हाय का?"

"हुता," आकाराम म्हणाला, आणि सदऱ्याच्या खिशातून सुटे काढले.